आमच्या घरी कबूतर नाय

प्रिय माय,

आज लिहायला बसले, कारण चौकात पालिकेनं बोर्ड लावला. कबुतरांना दाणे टाकायचे नाय, टाकले तर दंड. आठवीत शाळा सोडल्यापासून हातात पेन धरला नव्हता. चुकलं तर हसू नको.

तुझ्या जागेवर आता मावशी बसती दाणे विकायला. बोर्ड बघून ती तिथंच मोठ्यानं रडायला लागली. रोज ज्वारी घेणारे शेठ म्हणले, "मुक्या जीवांच्या पोटावर पाय आणला! हिची बहीण असती ना, बोर्ड उपटून फेकला असता."

खरंच फेकला असतास तू! मला मात्र बोर्ड बघून बरं वाटलं. हे कुणाला सांगू? तुलाच सांगते.

सांजच्याला आपण चौक झाडायचो, आठवतं? उरलेली ज्वारी घाणीसकट पोत्यात भरायची. घरी आणून तू सुपात पाखडायचीस, शेजारच्या शेळ्यांसाठी. दारात नुसता पांढरा धुरळा! "पदर लाव की तोंडाला," म्हणलं तर म्हणायचीस, "देवाच्या पाखरांची घाण हाय ती, तिनं काय होतंय?"

मग खोकला लागला. कोरडाच. पाण्याची घागर उचलली तरी धाप. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "घरात कबुतरं आहेत का?" तू लगेच सांगितलंस, "नाय साहेब, आमच्या घरी येक बी कबूतर नाय."

खोटं कुठं बोललीस? आपण पाळलं नव्हतंच. चौकातली ती देवाची, त्यांना आपली कशी म्हणायची? पण माय, दाणे विकते येवढं तरी बोलायचंस गं! ते दम्याची औषधं देत राहिले आणि तू पाखडत राहिलीस. पुढं एका डॉक्टरीणबाईनं धंदा विचारला, तवा कळलं, कबुतरांच्या घाणीचा धुरळा छातीत बसलाय; पण तवर फुप्फुस दगडावानी झालं होतं. शेवटी नाकात नळी, अन् एक शब्द बोलायला बी तुला थांबावं लागायचं. लई राग आला होता मला तुझा. अजून येतो.

आता ऐक. छकुली खोकती.

तुझी धाकटी छकुली. मावशीसंग आता तीच झाडती, तीच पाखडती. कोरडाच खोकला हाय, माय.

मावशीनं ठरवलंय, उद्यापासून मागच्या गल्लीत चोरून बसायचं. "छकुलीला बसवते पुढं, लहान पोरीला कोण दंड करतंय?" म्हणली.

मी म्हणलं, "छकुली येणार नाय."

"आग्गं बया! मुकीला वाचा फुटली! मग खाणार काय, बोर्ड?"

धुणीभांडी बघीन कुठंतरी.

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. तुझ्या नावानं पोतंभर ज्वारी टाकायची म्हणती मावशी. मी टाकणार नाय. रागव हवं तर.

अनोळखी माणसासमोर माझा आवाज निघत नाय, तुला ठाव हाय. दवाखान्यात तुझ्या मागंच लपायचे मी. पण उद्या छकुलीला घेऊन मीच जाते. डॉक्टरनं विचारलं नाय तरी सगळं सांगीन, चौक, दाणे, धुरळा, तू. रडू आलं तर रडत सांगीन. पण सांगीन, माय.

तुझी थोरली,
रेखा