सध्यापुरता फोटो

दि. ९, सोमवार, दुपारी

प्रिय बारकीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इथे सगळे आपापल्या जागी आहोत.

तुझं पार्सल गेल्या मंगळवारी पोचलं. आत निघालेल्या वस्तू: शुगरवरच्या पुडीचे डबे तीन, तू विणलेले लोकरी मोजे एक जोड आणि तुझी चिठ्ठी. वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमनने वरचे पैसे मागितले, ते दिले आणि वहीत ‘टपाल’ खाली लिहिले. डब्याची किंमत बुडाशी छापली आहे. एका डब्याच्या पैशात आमचं महिन्याचं धान्य येतं. मला तीन पाठवलेस म्हणजे स्वतःला किती घेतले असशील, हा हिशेब मात्र मी केला नाही. करवला नाही.

झाकणावर मी आहे. गोल कापलेला फोटो, हिरव्या किनारीचा. डबा उघडायचा तर अंगठा माझ्याच तोंडावर ठेवावा लागतो.

तुझी चिठ्ठी मी पुन्हापुन्हा वाचली. तू लिहिलंस की ताईला शुगर झाली, ताई बरीही झाली आणि सख्ख्या बहिणीला ते मोबाइलवर बघून कळावं. मी लहानपणापासून सगळं पोटात ठेवते, तू तशी नाहीस, म्हणून डबे पाठवतेयस. आणि शेवटी लिहिलंस, ‘फोटोखाली आईचं वाक्य वाचलं तेव्हा खात्री पटली, हे तूच बोललीयस.’

मी लगेच फोन केला. तू उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. फोनवर ताई गोड बोलून गुंडाळते, असं तू सुनेला म्हणालीस म्हणे. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, तुला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये.

तुझे डोळे लवकर दमतात, तेव्हा मुद्द्याचं आधी लिहिते. ही पूड मी कधी तोंडात घातलेली नाही. मी तिने बरी झालेली नाही. बारके, बंद केलेलं इंजेक्शन आजपासून पुन्हा चालू कर आणि पाय डॉक्टरला दाखव.

पायाचं मला कळलंय. तुझ्या सुनेने फोन केला होता, तिला रागावू नकोस. तुला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून बोलत होती. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलंय, वास येतो, तू घरातही मोजा काढत नाहीस. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतेस, ताई बरी झाली, मीही होईन. तिने मला विचारलं, ‘मावशी, तुम्ही खरंच बऱ्या झालात का हो?’ मी एवढंच म्हटलं, पत्र लिहिते. पोरीला काय वाटलं असेल कोण जाणे.

आता फोटो तिथे कसा गेला ते.

तुझ्या भाच्याचं काम तुला कधी नीट कळलं नाही, म्हणून तू त्याला घरबशा म्हणतेस. आमच्या शेजाऱ्यांचंही तेच मत आहे. सोयरिकीला आलेल्या मंडळींनी ऑफिस कुठे म्हणून विचारलं आणि त्याने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांचंही तेच झालं. चहा मात्र पूर्ण प्यायले. तो लोकांना वेबसाइट करून देतो. दुकानाची पाटी, काचेचं कपाट आणि काउंटरवरचा गोडबोल्या माणूस, तिन्ही एका पडद्यावर, असं त्याने मला समजावलं होतं. वर साहेब नाही, हाताखाली कुणी नाही. गिऱ्हाईक सकाळी म्हणतं निळा रंग हवा, दुपारी म्हणतं एवढा निळा नको, संध्याकाळी म्हणतं मेव्हण्याला विचारतो, आणि मेव्हणा हिरवा सांगतो. याची मान आखडली, पाठ धरली, तरी खुर्ची सुटत नाही.

नवं काम दाखवायची वेळ येते तेव्हा गिऱ्हाइकाकडे फोटो तयार नसतात. रिकामे चौकोन ठेवले की त्यांना काम अर्धवट वाटतं. म्हणून हा घरातले फोटो सध्यापुरते भरून ठेवतो, खाली काहीतरी मजकूर घालतो, आणि वर ‘नमुना’ असं लिहितो. नंतर त्यांचे खरे फोटो आले की आमचे निघतात. असे आम्ही सगळेच कुठे कुठे राहून आलोय. हे एका फरशीवाल्याचे संचालक होते, तर दोन दिवस घरात हात मागे बांधून फिरत होते. आमचा दूधवाला एका क्लासचा गणिताचा सर होता. त्याला दाखवलं तर म्हणाला, ‘फी किती घेतो मी?’

पुडीवाल्याचं काम आलं ते पाच महिन्यांच्या खंडानंतर. आता मशीनच घडीभरात वेबसाइट करून देतं म्हणे, मग माणसाला कोण विचारतो. पोरगा रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या खोलीत जाऊन बसायचा आणि समोर काही नसायचं. मी दार लोटून घ्यायची, ह्यांना दिसू नये म्हणून. अशात हा माणूस आला. तो म्हणाला, बाहेरचे विकतचे फोटो नकोत, ते नट वाटतात, आपल्यातली बाई हवी. याने माझा फोटो सध्यापुरता घातला. मग तो म्हणाला, तेवढा ‘नमुना’ शब्द काढा, बायकोला दाखवतो, नुसतं कसं दिसतं ते बघू दे. याने काढला. पैसे एकरकमी आले, पासवर्ड त्याच्या हातात दिला, काम संपलं. फोटो बदला म्हणून याने दोनदा आठवण केली. बदलतो म्हणाला. तुझं पार्सल येईपर्यंत आमच्या पोराची समजूत होती की तो बदलला. त्या माणसाने तर तो उलट झाकणावरही छापून घेतला होता.

डबा त्याने हातात घेतला आणि झाकण खाली करून टेबलावर ठेवला. मग पुडीवाल्याला फोन लावला. तो माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं, पण तो अगदी मायेने बोलला. ‘अहो, तुमच्या आईच्या तोंडावर लोकांचा विश्वास बसतो. त्यांनाही दोन डबे पाठवू का?’

ती वेबसाइट ज्या मशीनवर राहते त्याची एक किल्ली अजून याच्याकडे होती. त्याने ती पूर्ण बंद पाडली. संध्याकाळपर्यंत त्या माणसाने दुसरीकडून तीच परत उभी केली, माझा फोटो आधीपेक्षा मोठा करून. चौकीवर गेला, तर तिथल्या माणसाने विचारलं, ‘फोटो कुणी लावला?’ हा म्हणाला, मी. तो म्हणाला, ‘मग?’

शेवटी त्याने काय केलं ते तू सुनेच्या मोबाइलवर बघून घे. त्याची स्वतःची एक वेबसाइट आहे, आजवर केलेली सगळी कामं तिथे मांडलेली असायची. तीच बघून नवी माणसं यायची. त्याने ती सगळी उतरवली. आता तिथे फक्त झाकणाचा फोटो आहे आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: ही माझी आई आहे, तिने हे औषध घेतलेलं नाही, हा फोटो मी लावला, कृपा करून आपलं औषध सोडू नका. एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं, असं जगजाहीर करणाऱ्याला पुन्हा कोण काम देईल? हा म्हणाला, बरोबर आहे तुमचं. आता शर्टाला इस्त्री करत नाही.

एवढं वाचूनही तू काय म्हणशील ते मी ओळखून आहे. तू म्हणशील ताई पोराला वाचवतेय, नाहीतर माझ्या बोटाला घाबरून काहीतरी सांगतेय. फोटो चुकून जाईल, पण वाक्य कसं जाईल? ‘सकाळी उठले की पाय पुन्हा माझे वाटतात.’ हे परक्याला कसं सुचलं?

परक्याला नाही सुचलं. मी सांगितलं.

त्याच्या खोलीत मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तो म्हणाला, आई, बरं झालेलं माणूस काय बोलेल गं, मला सगळं जाहिरातीसारखंच सुचतंय. मी हातातली घडी न मोडता ते वाक्य बोलले. आई म्हणायची तेच, आधी फक्त ‘सकाळी उठले की’ जोडून. तू तिच्या पायाशी बसून तेल चोळायचीस, मी उशाशी असायची, आणि ती डोळे मिटून म्हणायची, आता पाय पुन्हा माझे वाटतात. पोरगा म्हणाला, वा, हे खरं वाटतं. वाटणारच. खरंच होतं. फक्त आईने ते बरं होताना म्हटलेलं नव्हतं. ती त्याच महिन्यात गेली, आणि त्या शब्दांवर माझ्यापेक्षा तुझा हक्क जास्त होता.

आणखी एक आहे. फोटो अजून तिथेच आहे हे पोराला माहीत नव्हतं, मला होतं. काम दिल्यावर महिन्याभराने मी ह्यांच्या मोबाइलवर पाहिला होता. बोलले नाही. इतक्या दिवसांनी मिळालेलं गिऱ्हाईक, उगाच दुखावायला नको. आणि देवाशपथ लिहिते, फोटो चांगला आला होता. एवढा बरा फोटो माझा लग्नातही नाही. कुणी तरी आपल्याकडे बघत असेल, असं वाटून मी दुपारची दोनदा उघडून बघायची. तू बघत होतीस.

म्हणजे मी पोटात ठेवते हे तुझं म्हणणं खोटं नाही. मी काय ठेवलं ते तुला उलटं कळलं, इतकंच.

आता सोबतच्या कागदाबद्दल. मला वाटलं, रक्त तपासून घ्यावं आणि रिपोर्ट तुला पाठवावा, म्हणजे ताईला शुगर कधी नव्हतीच हे सिद्ध होईल. आजवर कधी तपासलं नव्हतं. काही होत नसताना कशाला पैसे घालवायचे, म्हणून टाळत आले. लॅबवाल्याने रक्त काढलं आणि घरी येताना पोरगा म्हणाला, ‘आई, रिपोर्ट चांगला आला तर पाठवू नकोस. मावशी म्हणेल, बघा, औषध लागू पडलं.’

मी रस्त्यातच थांबले. त्याचं बरोबर होतं. माझं निरोगी रक्तच तुला मारणार होतं.

घरी आले, देवासमोर दिवा लावला. आजवर देवाकडे मी सगळ्यांसाठी मागितलं, पण ते चांगलंच मागितलं. त्या दिवशी म्हटलं, रिपोर्ट वाईट येऊ दे. माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. ह्यांना सांगितलेलं नाही, तुलाच लिहितेय.

देवाने ऐकलं. उपाशीपोटीचा आकडा दोनशे चौसष्ट आहे. डॉक्टर म्हणाले, हे आजकालचं नाही, बरीच वर्षं आत असणार. तळपायाला सुई टोचून विचारलं, कळतंय का. डाव्या पायाला कळलं नाही. मी सांगितलं कळलं, सवयीने. मग पोराने माझ्याकडे बघितलं आणि मी खरं सांगितलं.

रिपोर्ट सोबत जोडलाय, वरच्या कोपऱ्यात तारीख आहे. तो झाकणाशेजारी ठेव. झाकणावरची बाई म्हणते शुगर गेली, आणि तिचं रक्त म्हणतं दोनशे चौसष्ट. यापुढे कुणावर विश्वास ठेवायचा ते तू ठरव. माझ्या गोळ्या कालपासून चालू आहेत, खर्च वहीत ‘औषध’ खाली लिहिला आणि या वेळी हात आखडला नाही. तिन्ही डबे मी कचऱ्यात रिकामे केले. झाकणं पोराने मागितली, त्याच्या खोलीत आहेत. का ठेवलीस, विचारलं तर त्याने दार लोटून घेतलं. मला ते बरं वाटत नाही. त्याच्यासाठी तुझ्या दोन ओळी आल्या तर बघ. घरबशाच म्हण, पण लिही.

मोजे मला बरोबर बसले. डॉक्टरांनी सांगितलंय, मोजे रोज काढायचे आणि पाय उजेडात धरून बघायचे. मी खिडकीशी बसून बघते. तूही बघ, आणि सुनेला बघू दे.

हे पत्र मिळाल्याच्या दिवशी दवाखान्यात जा आणि उलट टपाली कळव. बोटाचं काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही. मी आता पोटात काही ठेवलेलं नाही. तू मोज्यात ठेवू नकोस.

तुझी,
झाकणावरची नव्हे ती,
ताई