सातव्या पेटीतली उलटी कोअर

मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त भूवैज्ञानिक, पूर्ण शुद्धीत व माझ्या मर्जीने हे लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी त्यांनी तीन कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, म्हणून हा चौथा माझ्या मनाने करते. कोणाचा दबाव नाही. धाकटी बहीण शेजारी बसून "अक्षर जरा नीट काढ" एवढाच दबाव आणते आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र म्हणून कोणी कागद दाखवलाच, तर तो खोटा समजावा.

१. राहते घर, दोन खोल्या व वरची गच्ची, धाकटीला. तिच्या पश्चात तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. चाळीस वर्षे माझे चिखलाचे बूट दाराबाहेर काढायला लावून हे घर धाकटीनेच घर ठेवले. थोरल्या भावाला यातले काही नाही. मी भूशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा तो वडिलांना म्हणाला होता, "दगडच फोडायचे तर फी कशाला भरता?" वडील गवंडी. त्यांनी फी भरली. भावावर आता राग नाही, पण म्हणून घरही नाही.

२. बँकेतली शिल्लक भाचीला. कशावर खर्च केली हे तिला कोणी विचारू नये, तिच्या आईने तर मुळीच नाही.

३. हातोडी, भिंग व होकायंत्र माझ्या कॉलेजला, सहलीवर जाणाऱ्या मुलींसाठी. पहिल्या नोकरीत खाणीचे व्यवस्थापक मला खाली उतरू देईनात. "बाई खाली गेली की खाणीचं काही खरं नाही," म्हणायचे. तीन वर्षे मी वर बसून, दुसऱ्यांनी आणलेल्या दगडांवरून नकाशे काढले. पुढे सर्वेक्षण खात्यात लागले आणि वर्षातले नऊ महिने तंबूत काढू लागले, ते त्याच रागापोटी. हातोडीचा दांडा तीनदा बदललेला आहे, चौथ्यांदाही बदलावा लागेल. ती काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेली दिसली, तर धाकटीने जाऊन परत आणावी.

४. त्रेचाळीस वह्या खात्याच्या ग्रंथालयाला. पहिल्या एकतीस लाव्हाच्या थरांच्या आहेत, उरलेल्या बारा भूजलाच्या: कुठल्या दगडात पाणी टिकते, कुठली विहीर उन्हाळ्यात दगा देते. नाव मला लाव्हाने दिले. पण लोकांच्या उपयोगी पडल्या त्या विहिरीच, हे माझे प्रामाणिक मत.

५. पलंगाखालची पेटी. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल.

कोअर म्हणजे यंत्राने जमिनीतून उपसलेला दगडाचा गोल दांडा. तो बाहेर येताक्षणी मिस्त्री त्यावर रंगाने बाण काढतो, वरची बाजू कळावी म्हणून; मग ते तुकडे ओळीने पेट्यांत भरतात. एके दिवशी मिस्त्री तापाने पडला होता. सातव्या पेटीतली कोअर मीच भरली आणि बाण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसून काढले. सुबक काढले, पण उलटे. त्या तीन मीटरांवरून मी सिद्ध केले की टेकडीत लाव्हाचे चार नसून पाच थर आहेत. त्या पाचव्या थराने मला बढती दिली, मानसन्मान दिले.

खात्याच्या सभेत एकच माणूस उभा राहिला. सगळे त्यांना शंकासुर म्हणत. ते म्हणाले, "मॅडम, दगडातल्या पोकळीत गाळ तळाशी बसतो. तुमच्या पेटीत तो छताला चिकटलाय. कोअर उलटी आहे." मी म्हणाले, "यांना उद्या टेकडीही उलटी दिसेल." सगळे हसले. त्यांची हरकत इतिवृत्तात आलीच नाही. साहेबांनी त्यांना फिरतीवरून काढून नमुन्यांच्या गोदामात बसवले. दोन वर्षांत त्यांनी नोकरी सोडली. आज त्यांचे ओट्यांच्या फरश्या कापायचे दुकान आहे.

नऊ वर्षांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी त्याच कोअरचा तुकडा कापला. गाळ छताला होता. तोवर मी विभागप्रमुख झाले होते. पेटी घरी आणली आणि पंधरा वर्षे तिच्यावर झोपले. याची मला लाज वाटते.

या कलमात मी आधी लिहिले होते की, पेटी व कबुलीपत्र माझ्या मृत्यूनंतर त्या हरकत घेणाऱ्या गृहस्थांना द्यावे. काल सकाळी धाकटीने ते वाचले. "म्हणजे तू गेल्यावर त्यांनी यायचं, आणि रागवायचं कुणावर? फोटोवर?" दुपारभर मी तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी आम्ही दोघी पेटी टॅक्सीत घालून त्यांच्या दुकानात गेलो.

त्यांनी तुकडा पाण्याने ओला केला, भिंगातून पाहिला.

"केव्हापासून माहीत होतं?"

"पंधरा वर्षं."

त्यांनी फरशी कापायचे यंत्र बंद केले. मला रडू आले, ते त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. मी म्हणाले, दुरुस्तीचा लेख तयार आहे, दोघांच्या नावाने छापू.

"तुमच्या एकटीच्या नावानं छापा. चूक तुमची, मी कशाला वाटेकरी होऊ? माझी हरकत कुठल्या सभेत, कुठल्या तारखेला घेतली होती, तेवढं त्यात लिहा."

तसे लिहिले आहे. लेख आज टपालात पडला. पेटी त्यांनी ठेवून घेतली. सबब या कलमाखाली द्यायचे काही उरले नाही. कलम मात्र ठेवावे.

६. दुसरे साक्षीदार व्हाल का, असे मी निघताना त्यांना विचारले. "वाचल्याशिवाय सही करणार नाही," म्हणाले. योग्यच आहे.

ठिकाण: आमची जेवणाची खोली. सोमवार, दुपारी चार.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: शेजारच्या दवाखान्यातली परिचारिका. करणारीने माझ्या देखत सही केली. नाडी ठीक आहे.

साक्षीदार दुसरा: फरशीवाला, पूर्वीचा भूवैज्ञानिक. पूर्ण वाचले. कलम पाचमध्ये "सगळे हसले" असे आहे. तसे नव्हते. तिथे "मी सगळ्यांना हसवले" असे हवे. ते केल्यावर सही करीन.

दुरुस्ती मान्य. मी सगळ्यांना हसवले.

सही: मृत्युपत्र करणारी

सही: साक्षीदार दुसरा