दुसरी किल्ली

सेक्टर २७, नोएडा
५ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. कुमुदिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. सुहासिनीला जाऊन अडीच महिने झाले, पण घरी आल्यावर काही करावंसं वाटत नाही.

घरमालक मल्होत्रांकडे दुसरी किल्ली आहे. घर तपासायला म्हणून ते केव्हाही येतात. काल ऑफिसातून परतलो तर सुहासिनीचं कपाट उघडं, वरच्या खणातल्या साड्या पलंगावर. मल्होत्रा कपाटामागच्या भिंतीची ओल बघत होते. विचारलं तर हसून म्हणाले, तुम्हीच तर सांगितलं होतं. राहायला आलो तेव्हा चहा देताना मी म्हणालो होतो, घर आपलंच आहे, केव्हाही या.

ते कपाट मी अजून उघडलं नव्हतं. खालचे दोन खण तिने लावलेले तसेच आहेत. तेही असेच उघडे सापडतील, याची धास्ती वाटते.

सर्वांना नमस्कार. आठवण ठेव.
अंबादास

नाशिक
१४ फेब्रुवारी

चि. अंबादास यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, घर आपलंच आहे, हे घरमालकालाच सांगितलंस? सुहासिनीने त्याला दारातच अडवलं असतं.

हे जन्मभर कोर्टात कारकून होते. म्हणतात, घर भाड्याने दिलं की मालकानेही आधी कळवावं, भाडेकरू असताना यावं. तोंडाने जमत नसेल तर लिहून दे. ऑफिसची एवढी पत्रं लिहितोस, एक स्वतःसाठी लिही. किल्लीही माग.

साड्या आवरायला मी येऊ का? जेवणाचं तू लिहीतच नाहीस.

माया आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.
ताई

नोएडा
८ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जेवतो. हिंदीत चार ओळी लिहून रजिस्टरने पाठवल्या. अकरा महिन्यांचा करार मेमध्ये संपतो, त्यामुळे पाठवल्यावर झोप लागेना.

गेल्या रविवारी घंटा वाजली. मल्होत्रा बाहेर उभे. एवढ्याशा गोष्टीला रजिस्टर कशाला, म्हणाले. किल्ली हातात ठेवली आणि आत येऊ का विचारलं. ओल खरीच आहे. कपाट हलवावं लागेल. गवंडी कधी पाठवू विचारलं, मी या रविवारचा, म्हणजे उद्याचा दिवस दिला. कराराचं ते बोलले नाहीत, मीही काढलं नाही.

तू येतेस म्हणालीस, बरं वाटलं. पण हे मलाच करायचं होतं. आज सकाळी आतून कडी लावली आणि ते दोन खण रिकामे केले. दुपारचे दोन वाजले. तोवर कुणी आलं नाही.

तुझा लोभ आहे तसाच असू दे.
अंबादास