अकरा जणांचा एक नंबर

सोमवार, २ डिसेंबर २०२४

संगणकाच्या पडद्यावर सगळे चौकोन हिरवे! नमुना – तपासणी – निरोप. एका चौकोनातली माहिती बाणावरून पुढच्यात जाते. बाण मीच जोडलेत. आमच्या संस्थेने वाड्यांवरच्या टीबी शिबिरात घेतलेल्या थुंकीच्या नमुन्यांचे अहवाल आज त्यातून गेले. नवनाथसर म्हणाले, "संध्या, भारी काम!" बरं वाटायला हवं होतं. चहा घेतला, कर्जतहून चौकला घरी आले.

मंगळवार, ३

काही नाही.

सोमवार, ९

तपासणीतून निघाले ६३ जण. निरोपाच्या चौकोनात पोचले ५३. चूक दाखवणारी लाल खूण कुठेच नाही. तीनदा मोजलं.

मंगळवार, १०

सापडलं. चूक माझीच. नावं सारखी असतात, म्हणून पुढच्या चौकोनात माणूस ओळखायला मी मोबाईल नंबर धरला. डोंगरावरच्या एका वाडीत मोबाईल एकच – तिथल्या नीलेशचा. अकरा जणांनी तोच दिला. प्रत्येक नवं नाव आधीच्याला पुसत गेलं. शेवटची अंबूबाई तेवढी उरली. तिला आजार काहीच नाही. पुसलेल्या दहांत भागी. वय बावीस. टीबी.

निरोप जातो तो आजार निघाला तरच. शिबिरात मीच ओरडून सांगितलं होतं – "आठ दिवसांत मेसेज आला नाही तर समजा, सगळं ठीक!"

सरांना सांगितलं. मग डबा खाल्ला, पूर्ण. त्याचीच लाज वाटली.

गुरुवार, १२

नीलेशचा फोन लागेना, म्हणून आमच्या ऑफिसातला दत्ता वाडीवर जाऊन आला. भागीच्या दाराला कुलूप. नीलेश त्याला म्हणाला, "ती मागल्या हप्त्यात गेली रं, नवऱ्यासंगं ईटभट्टीवर. मेसेज नाय आला, मंग थांबून काय करंल?" भट्टी कुठली, ते फक्त मुकादमाला ठाऊक.

बाण दुरुस्त केला. आता नंबरासोबत नाव, वय, घर – सगळं पुढे जातं. अर्धा तास लागला. फक्त अर्धा तास!

शनिवार, १४

मुकादमाचा फोन लागत नाही.

गुरुवार, १९

लागला. त्याने भागीला दिला. टीबी निघालाय, औषध लगेच सुरू करायचं, ते मोफत मिळतं – सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजं ऱ्हाऊ दे गं ताय. पोरगी आठ दीस खोकतेय. अंगावरची हाय. आता दूध बी घेत नाय."