जमादार कोणाशी बोलतो?

सौंसर,
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अलकास अनेक आशीर्वाद.

वि. वि. केशवरावांनी पाठवलेला चिवडा आणि तुझं पत्र दोन्ही पोचले. चिवडा संपला, पत्र अजून आहे. फोन करत जाऊ नकोस. कान केव्हाच गेले, आणि फोन वाजतो की नाही हेसुद्धा मला शेजारीण येऊन सांगते.

मागच्या आठवड्यात भरदुपारी परसातल्या विहिरीची मोटर कोणीतरी काढून नेली. मी दहा पावलांवर पेपर वाचत बसलो होतो. पूर्वी आपले चार राजहंस होते तेव्हा ही वेळ येत नव्हती. मागच्या फाटकाशी कोणी आलं की चार माना एकदम वर व्हायच्या, आणि ते पाहून मी उठायचो. तिघं गेले. उरला एक म्हातारा जमादार, त्याचाही एक डोळा पिकला आहे.

रामाकोन्याच्या भूपेंद्रकडे कुरळ्या पिसांच्या विलायती राजहंसांची जोडी आहे. दुर्मिळ जात म्हणून बावीस हजार सांगतो. तुझी वहिनी गेल्या वर्षी ही जात बघून आली होती आणि आठ दिवस दुसरं काही बोलत नव्हती. ऋषिकेश म्हणतो, बाबा, कॅमेरे लावा. पण कॅमेरा दाखवणार मोबाईलवर, आणि मोबाईल कुठे ठेवला ते मला कोण दाखवणार? पाखरांवर एवढा पैसा घालावा का, तू सांग.

केशवरावांना नमस्कार. माया आहे ती राहू दे.

तुझा दादा,
श्रीधर

पांढुर्णा,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. श्रीधरदादास सा. न. वि. वि.

मोटर गेली ऐकून जीव उडाला. आज मोटर नेली, उद्या तुझ्या अंगावरची चादर नेतील आणि तू भोळा चेहरा करून पेपर वाचत बसशील. जोडी घे. केशवराव म्हणाले की बावीस हजारांत दोन चौकीदार, तेही बिनपगारी, मिळत असतील तर विचार कसला करून राहिले श्रीधरराव. त्यांनी दुकानातून जाळी पाठवतो म्हटलं आहे.

आणि वहिनीची हौस होती ती. तिच्या मागे का होईना, पुरी होईल. तिला जाऊन आठ महिने झाले तरी तू एकटा त्या घरात आहेस हा विचार मला रोज एकदा छळतो. निदान परसात काहीतरी ओरडणारं असू दे.

पत्र संपवताना सवयीने हात वळला, खोडलं आहे, राग मानू नकोस. तब्येतीला जप आणि या बहिणीवर लोभ असाच असू दे.

तुझी,
अलका

सौंसर,
१७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. अलकास आशीर्वाद.

वि. वि. खोडलेलं वाचता आलं. ‘सौ. वहिनीस नमस्कार’ हे चाळीस वर्षं लिहीत आलीस, खोडायचं नव्हतं. मी परसात जाऊन तो सांगितला.

आता लिहितो ते केशवरावांना वाचून दाखवू नकोस. मनकर्णा रोज चारला भजनाला जायची आणि पाचला मागच्या फाटकाने यायची, पदरात पाखरांसाठी कोबीची पानं घेऊन. माघात ती त्याच फाटकाने गेली. भजनात चक्कर आली, तिथून नागपूरचा दवाखाना, आणि घरी आणली ती पुढच्या दाराने. मागच्या फाटकाने ती परत आलीच नाही.

जमादार अजून रोज पाचला उठतो. फाटकाशी जाऊन मान लांबवतो, चोच उघडमीट करतो. मी कडी काढतो. बाहेर कोणी नसतं. आधी वाटलं चोर असेल, मग वाटलं पाखराची सवय. पण रविवारी भजन नसायचं, आणि रविवारी तो उठत नाही.

तिची भीती कशाला वाटेल मला? भीती जोडीची वाटते. नव्या पाखरांना फाटकाशी काहीच दिसलं नाही, तर मी इतके महिने वाऱ्याला दार उघडतो आहे हे ठरून जाईल. तरी इसार देऊन आलो. जमादाराला सोडून पांढुर्ण्याला येववत नाही, म्हणून या भाऊबीजेला तूच ये.

तुझा दादा,
श्रीधर

पांढुर्णा,
३० ऑक्टोबर २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

जे भाऊबीजेला तिथेच तुझ्या पाटीवर लिहून सांगायला हवं होतं ते आता लिहिते. तिथे धीर झाला नाही. तू नव्या जोडीसाठी पाण्याचं टाकं बांधत होतास आणि शीळ घालत होतास, तीही बेसूर. माघानंतर तुला असं पहिल्यांदाच पाहिलं.

मी आले तेव्हा जमादाराने ओरडून गल्ली डोक्यावर घेतली. दूधवाल्यावर तसाच ओरडला, पोस्टमनवरही तसाच. तुला नुसती चोच दिसते, म्हणून सगळं सारखं वाटतं. तो आपल्याकडे आला तेव्हा तुझे कान आधीच गेले होते. दादा, त्याचा आवाज तू कधी ऐकलेलाच नाहीस.

पाचला तो ओरडत नाही. गळ्यातल्या गळ्यात बोलतो, हळू, लाडात आल्यासारखा. घरच्या माणसाशीच तो असा बोलतो. वहिनी होती तेव्हा मी दर दिवाळीला तो आवाज ऐकला आहे. तू कडी काढून बाजूला झालास. तो बोलत बोलत धुण्याच्या दगडापर्यंत आला, मध्ये पेरूच्या झाडाशी थांबला आणि पुन्हा निघाला. वहिनीचा डावा गुडघा तिथेच धरायचा. मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी होते. अंगावर काटा आला आणि रडूही आलं.

मीच घे म्हणाले होते, आता मीच सांगते, रविवारी जोडी आणू नकोस. ती पाखरं वहिनीला ओळखत नाहीत. परक्यावर ओरडावं म्हणूनच तर आपण ती घेतो आहोत. ती तिच्याच फाटकाशी तिच्यावर ओरडतील, आणि तुला ते कळणारही नाही. शेजारणीच्या फोनवर सांगणार होते, पण ही गोष्ट परक्याच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाऊ नये असं वाटलं.

चोरांचं पाहू काय ते. चुकलं असेल तर पोटात घाल.

तुझी,
अलका

सौंसर,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अलकास आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र शुक्रवारी आलं. जोडी त्याआधीच्या रविवारी आली होती.

सोमवारी पाचला दोघं फाटकाकडे धावले. पंख पसरले, माना लांबवल्या, चोची उघडल्या. मला इतका आनंद झाला, अलका! म्हटलं, यांनाही कोणीतरी दिसतं, मी खुळा नाही. हसत हसत कडी काढली. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. गुरुवारी कोणीच उठलं नाही, जमादारसुद्धा नाही. मला वाटलं, तिची हौस पुरी झाली, आता ती निवांत गेली.

मग तुझं पत्र वाचलं. तीन दिवस ती पाखरं तिला दारातून हाकलत होती आणि मी शेजारी उभा राहून हसत होतो. चाळीस वर्षांत तिला कधी ‘जा’ म्हटलं नव्हतं.

शनिवारी जोडी परत नेऊन दिली. भूपेंद्र म्हणाला की काकाजी, लोक या जातीसाठी नंबर लावून राहिले आणि तुम्ही परत करून राहिले. सोमवार गेला, मंगळवार गेला. फाटक सताड उघडं ठेवून मी दगडावर बसून होतो.

आज पाचला जमादार उठला. फाटकाशी गेला, मान लांबवली, चोच उघडली. मी उठून बाजूला झालो. पण तो त्या दोघांबरोबर सहा दिवस राहिला आहे. तो बोलत होता की ओरडत होता? मी त्याच्या गळ्याला हात लावून पाहिला. गळा थरथरत होता, पण ती थरथर कशाची ते हाताला कळत नाही.

म्हणून उत्तर लिहू नकोस. हे पत्र हातात पडेल त्या दिवशीच्या बसने ये, पाचच्या आत पोच, आणि तो तिला काय म्हणतो आहे ते ऐकून मला सांग.

तुझ्या मायेवर आणि तुझ्या कानांवर विसंबलेला,
तुझा दादा,
श्रीधर