यादीपेक्षा एक जास्त

जर्मनी, शनिवार

रत्नाअक्का, तुला आणि आबांना हितेंद्रचा नमस्कार.

मी बरा आहे. आसऱ्याच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत सरकारनं दिलेली खोली आहे, उबदार आहे. शिरपूरला कापूस वेचून झाला का?

एक गोष्ट मात्र माझ्या हातून चुकली. आपल्या शेजारच्या गावचा योगराज माझ्याच खोलीत जमिनीवर निजायचा. अर्ज नामंजूर झाल्यापासून त्याला इथं पलंग नव्हता. परवा म्हणाला, "भाऊ, आज भरीत खावानं शे." मी वांगी घरच्यासारखी थेट शेगडीवर भाजली. धुरानं अख्ख्या इमारतीची घंटा वाजली. सगळ्यांना अंगणात उभं करून यादीप्रमाणे मोजलं, तर एक माणूस जास्त निघाला. पोलिसांनी योगराजला गाडीतून नेलं. कुठं, ते कोणी सांगत नाही.

त्याच्या आईनं, बेबाकाकूंनी, विचारलं तर सांग, तो कामाला दुसऱ्या गावी गेलाय, जेवून गेला. खरं तर ताटही वाढलं नव्हतं.

योगराजला नामंजुरीचा आला होता, तसाच पिवळा लिफाफा आज माझ्या नावानं आलाय. आधी हे पत्र पेटीत टाकतो, मग तो उघडतो.

तुझा धाकटा,
हितेंद्र