उपाहारगृहास सविनय अभिवादन

सेंट पीटर्सबर्ग, बुधवार

आदरणीय सावेली मार्कोविच यांस,

रोग्नेदा अर्काद्येव्हनाचा सप्रेम नमस्कार. तुमच्या खुब्यात बसवलेले पोलाद तुमच्या मूळ हाडांपेक्षा अधिक शिस्तीने वागत असेल, अशी आशा आहे. चि. झिनाइदाला आशीर्वाद. (तुमची ही कन्या आता स्वतः आजी झाली आहे, हे मला ठाऊक आहे, परंतु स्केटिंग रिंकच्या कठड्याला टेकून दूध सांडताना मी तिला पाहिले आहे, तेव्हा ती चिरंजीवच.) माझी प्रकृती उत्तम आहे. डॉक्टरांचे मत निराळे आहे, पण त्यांचा प्रत्येक युक्तिवाद 'या वयात' या शब्दांनी सुरू होतो आणि ते गृहीतक मी मान्य केलेले नाही.

आपल्या जुन्या रिंकच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणाला तुम्ही धाडलेले उत्तर संचालक व्हेनियामिन पेत्रोविच यांनी मला वाचून दाखवले. 'खुब्यात पोलाद आहे. बर्फावर येणार नाही. अभिनंदन.' तीन वाक्ये आणि त्यांत एकही 'म्हणून' नाही! (क्रीडा संस्थेत मी वेटलिफ्टरांना तर्कशास्त्र शिकवत असे; माझ्या धाकाने तेसुद्धा एखादा तरी 'म्हणून' लिहीत.) शिवाय स्केटच्या पात्यातही पोलादच असते. अंगात पोलाद आहे म्हणून बर्फ वर्ज्य, हे विधान मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडूनही स्वीकारले नसते. तथापि तुमचा निर्णय तुमचा आहे. तुम्ही तो बदलावा म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. केवळ वृत्तान्त कळवते.

त्या बर्फावर पहिली रेघ आपण ओढली, म्हणून शनिवारी आपल्याला बोलावले आहे. काम क्षुल्लक: फाटकातून निघायचे, अर्धवर्तुळ घ्यायचे, मध्यावर येऊन अभिवादन करायचे. मी संचालकांना सांगितले की मी एकटी येईन. जोडीदार लागतो तो उचलण्यासाठी आणि फेकण्यासाठी. अभिवादनात उचलणे नाही, फेकणे नाही. सबब अभिवादनाला जोडीदार लागत नाही. ते म्हणाले, "तुमच्याशी वाद कोण घालणार, बाई!" मी ही संमती समजले.

येथे थोडे मागे जाते. आपली जोडी जमली त्यात प्रेमाचा वा कलेचा काही संबंध नव्हता. रिंक होण्यापूर्वी, उद्यानात पाणी ओतून केलेल्या बर्फावर प्रशिक्षकांनी मुलांच्या हाती माझ्या वजनाची वाळूची पोती दिली होती. बाकीच्यांनी पोती टाकली आणि हसले. तुम्हीही टाकलेत, पण पोत्याची माफी मागितलीत. प्रशिक्षक म्हणाले, "हा चालेल." तेव्हापासून अठरा वर्षे तुम्ही मला डोक्यावर धरून युरोपभर फिरवलेत. एका अजिंक्यपद स्पर्धेत माझी केसांची पिन तुमच्या बाहीत अडकली आणि आपल्याला स्वतंत्र घ्यावयाच्या गिरक्या एकत्रच घ्याव्या लागल्या. पंचांनी त्यास 'अपूर्व एकात्मता' मानले आणि सुवर्णपदक दिले. (पिन अजून आहे. बाही तुम्ही फाडलीत.) जमिनीवर आपण कायम 'तुम्ही', बर्फावर मात्र 'तू', कारण डोक्यावर धरलेल्या बाईला पितृनावासकट हाक मारून होईपर्यंत ती खाली आलेली असते.

असो. सोमवारी सराव झाला. मी मध्यावर आले, एक छोटी गिरकी घेतली (ती कार्यक्रमात नव्हती, पण गिरकीशिवाय थांबणे म्हणजे नुसते उभे राहणे) आणि एक पाय मागे नेऊन, कंबरेतून पूर्ण वाकून अभिवादन केले. मान वर केली तो समोर उपाहारगृह. तिथल्या क्लावदियाला इतक्या वर्षांत कोणी मान लववली नसावी. तिने ट्रे खाली ठेवला, एप्रन सारखा केला आणि माझ्याइतकीच खोल वाकली. मग हाळी दिली, "मांसाचे पिरोझकी संपले हो! कोबीचे उरलेत, चालतील का?"

माझ्या पाठीमागून संचालक खाकरले. "रोग्नेदा अर्काद्येव्हना, पाहुणे इकडे बसणार आहेत."

"मग त्यांना तिकडे बसवा," मी म्हणाले.

दुसऱ्या खेपेस मी गुणफलकाला अभिवादन केले. तिसऱ्या खेपेस बर्फ सारखा करणाऱ्या यंत्राला. त्याच्या चालकाने भोंगा वाजवून उत्तर दिले. संचालकांना वाटले, मला दिसत नाही. मला उत्तम दिसते. प्रश्न डोळ्यांचा नसून अनुमानाचा होता. अठरा वर्षे गिरकी संपे, सारे सभागृह भोवती फिरत असे, आणि पाठीवर, डाव्या खांद्याखाली तुमची दोन बोटे टेकत. मी वाके, आणि समोर पंच असत. यावरून मी निष्कर्ष काढला की मी पाहते तेथेच पंच बसतात. भरपूर पुरावा होता, विरोधी उदाहरण एकही नव्हते. अनुमान चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्यातले एक गृहीतक तेवढे उघड मांडायचे राहिले होते.

मग काल संचालकांनी मला देम्यान दिला. हा सध्याचा विजेता. ताडमाड, सुशील, आणि मला पाचव्या मजल्यावरून जिन्याने उतरवायच्या काचेच्या कपाटासारखा धरणारा. "दमलात का? बसायचंय का? पाणी आणू?" मी त्याला सांगितले, "बाळा, तोंड मिट आणि दिशा दाखव." त्याने आदबीने माझ्या कमरेवर तळहात ठेवला.

सावेली मार्कोविच, कमरेवर तळहात म्हणजे उडीची खूण, हे आपणा दोघांना ठाऊक आहे. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. पायांनी माझी परवानगी घेतली नाही. मी उडी मारली. एक पूर्ण फेरा झाला आणि मी पात्याच्या मागच्या धारेवर, एका पायावर, हात पसरून उतरले. (क्लावदिया साक्षीदार आहे, तिने टाळ्या वाजवल्या.) देम्यान मात्र मला सावरायला धावला आणि स्वतः आडवा झाला. मनगट मुरगळले आहे, तीन आठवडे प्लास्टर. शहरात 'म्हातारीने विजेत्याला पाडले' असे बोलले जात आहे, ते असत्य आहे. तो माझ्या पडण्याच्या कल्पनेवरून पडला.

परिणामी संचालकांनी आज नवी योजना मांडली: मला खुर्चीच्या घसरगाडीत बसवून, गुडघ्यांवर चौकड्यांची शाल घालून, मागून ढकलत मध्यावर आणायचे. "फार हृद्य दिसेल," म्हणाले. मी अठरा वर्षे लोकांच्या डोक्यावरून हिंडले. लोकांनी मला शाल पांघरवून ढकललेले मी पाहणार नाही. मी त्यांना शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदत मागितली आहे. त्यानंतर खुर्ची, नाहीतर माझे नाव कार्यक्रमातून बाद.

तेव्हा सारांश असा की मला जोडीदाराची गरज नाही हे सिद्ध झाले आहे; उणीव फक्त दिशेची आहे आणि तीही मी एकटीने सोडवीन. तुम्ही न येण्याने काहीही अडत नाही. सरोवराकाठच्या हवेत स्वस्थ राहावे.

आपली,
रोग्नेदा अर्काद्येव्हना

ता. क. तुम्ही पाठवलेली खारवलेली अळंबी पोचली. मीठ जास्त आहे. बरणी संपली.

ता. क. तुमचे स्केट्स माझ्या कपाटात हिवाळी टोप्यांखाली होते. कोणी न्यायला आले नाही, म्हणून राहिले. सहज पात्यांना धार लावून घेतली. चामडे मऊ आहे; दर हिवाळ्यात त्याला चरबी चोळावी लागते, नाहीतर तडकते.

ता. क. झिनाइदाशी फोनवर बोलणे झाले आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती आतल्या खोलीत तुमची बॅग भरत असेल. तिला रागावू नये. निघण्यापूर्वी रीतीप्रमाणे क्षणभर बसा, पण क्षणभरच. तुमच्या खुब्याला बसण्याची सवय लागली आहे.

ता. क. शनिवारी फाटकाशी मी मागे वळून पाहणार नाही. आजवर कधी पाहिलेले नाही. हात मागे केलेला असेल. उचलायचे नाही, फेकायचे नाही. दोन बोटे पुरेत. ये.